ओझं कुठे ठेवायचं? छोट्या स्पोर्ट्स कारच्या रूपामागचं साधं गणित

रविवारची संध्याकाळ. नागपूरच्या फुटाळा तलावावर नेहमीचीच गर्दी होती, पण त्या दिवशी ती तलावाकडे पाठ करून उभी होती. रस्त्याच्या कडेला एक लालभडक, उघड्या टपाची, दोनच माणसांची गाडी लागली होती. मालकानं बटण दाबलं आणि दोन्ही दरवाजे बाजूला उघडायच्या ऐवजी कात्रीच्या पात्यांसारखे वर गेले. पोरांचे मोबाइलही वर गेले. शेजारी कणसं भाजणाऱ्या दादानं पंखा हलवायचा थांबवून विचारलं, "एव्हरेज किती देते बाप्पा ही?"

कुणीतरी म्हणालं, पेट्रोल लागतच नाही, बॅटरीवर चालते.

"इंजिनच नाही? मंग एवढी बसकी काऊन बनवली?"

सगळे हसले. मी नाही हसलो, कारण प्रश्न नेमका होता. गाडी होती एमजीची सायबरस्टर. २०२५ च्या जुलैत ती भारतात आली, किंमत पंचाहत्तर लाखांच्या घरात. तिच्यात इंजिन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. तरी लांब नाक आहे, मागे सरकलेली सीट आहे आणि पोट जमिनीला टेकल्यासारखं आहे. म्हणजे दिसते ती जुन्या पेट्रोल गाड्यांसारखी आणि चालते विजेवर. या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांचं रूप येतं तरी कुठून? आणि पेट्रोलच्या जागी वीज, इथेनॉल किंवा हायड्रोजन आला की त्या रूपाचं काय होतं?

संत्र्याची पेटी आणि स्कूटर

समजा, कळमन्याच्या मार्केटातून तुम्ही वीस किलो संत्र्यांची पेटी घेतली आणि स्कूटरवर निघालात. पेटी पायांच्या मध्ये ठेवली तर स्कूटर कुरकुर करत नाही. तीच पेटी मागच्या कॅरिअरला बांधली की हँडल हलकं होतं आणि वळताना शेपूट डुलायला लागते. मागे बसलेल्यानं ती डोक्यावर धरली तर पहिल्याच चौकात दोघंही आडवे. स्कूटर तीच, चालवणारा तोच, संत्रीही तेवढीच. बदलली ती फक्त ओझ्याची जागा.

गाडीचं अर्धं शास्त्र या पेटीत आहे. ओझं जितकं खाली तितकी गाडी वळणावर कमी कलंडते. सगळं वजन जणू एका बिंदूत गोळा झालंय असं मानलं तर त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात, आणि तो खाली हवा. शिवाय ओझं जितकं गाडीच्या मध्याजवळ तितकी गाडी चटकन वळते. तिसरा उपाय सगळ्यात भारी आणि सगळ्यात अवघड: संत्रीच कमी घ्या.

म्हणून 'स्पोर्ट्स कार म्हणजे जोरात पळणारी गाडी' ही व्याख्या मला अपुरी वाटते. सरळ रस्त्यावर तर समृद्धीवरच्या बड्या एसयूव्हीही पळतात. वळताना, थांबताना आणि पुन्हा सुटताना जी सांगाल ते ऐकते ती स्पोर्ट्स कार. सरळ पळायला ताकद लागते. वळणावर पळायचं तर वजन आटोक्यात असावं लागतं.

हे रूप नटण्यासाठी नाही

इंजिन ही पेट्रोल गाडीतली सगळ्यात जड एकसंध वस्तू. ती पुढच्या चाकांच्या मागे ढकलून बसवली की नाक लांब होतं आणि माणसं मागे सरकतात. माणसांच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवली की नाक आखूड होतं, काच पुढे येते आणि इंजिनाला हवा मिळावी म्हणून दरवाज्यांमागे खाचा पडतात. पोस्टरवर आपण ज्या खाचांवर भाळतो त्या मुळात इंजिनाच्या नाकपुड्या आहेत.

वर उघडणाऱ्या दरवाज्यांचंही तसंच. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल घ्या. वजन वाचवायला तिचा सांगाडा बारीक नळ्या जोडून केला होता. मजबुतीसाठी त्या नळ्या बाजूनं बऱ्याच उंच घ्याव्या लागल्या. साध्या दरवाज्याला जागाच उरली नाही. मग दरवाजे छपराला टांगले, आणि उघडल्यावर ते पक्ष्याच्या पंखांसारखे दिसू लागले. जगानं त्याला सौंदर्य म्हटलं. खरं तर तो नाइलाज होता.

आकारानं छोटं असण्यातही हाच हिशेब असतो. बेर्तोने या इटालियन स्टुडिओत मार्चेलो गांदिनीनं काढलेली लान्चिया स्ट्रॅटोस ३.७१ मीटर लांब आहे, म्हणजे आपल्या गल्लोगल्ली दिसणाऱ्या स्विफ्टपेक्षाही आखूड. पाचरीसारखं नाक, हेल्मेटच्या काचेसारखी वळलेली पुढची काच आणि पाठीमागे फेरारीचं सहा सिलिंडरचं इंजिन. १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं तिनं जागतिक रॅली स्पर्धेचं अजिंक्यपद घेतलं.

बसकेपणाचं कारण हवा. कुणी दुसरा गाडी चालवत असताना तळहात खिडकीबाहेर काढून बघा. हात आडवा, पत्र्यासारखा धरला तर वारा निसटून जातो. उभा धरला तर हात मागे फेकला जातो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि समोरून गाडीचा 'तळहात' जितका लहान तितका तो कमी. इथे इंजिन असण्या-नसण्याचा संबंध नाही. कणीसवाल्या दादाच्या प्रश्नाचं हे पहिलं अर्धं उत्तर. दुसरं अर्धं जरा वाकडं आहे, त्याकडे पुढे येतो.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्या बैलांचा मान आदल्या दिवशी होऊन गेलेला असतो, तरी पोरांचे लाकडी बैल बघायला सगळी गल्ली लोटते. छोट्या स्पोर्ट्स गाड्यांचं मला तसंच वाटतं. त्यांचा शेतीला उपयोग नाही, पण लाकडी बैलाच्या शिंगांना जो निगुतीनं रंग दिलेला असतो तो खऱ्या बैलाच्या नशिबी क्वचित येतो.

मारुती ८०० चं वजन, तिप्पट ताकद

मारुती ८०० आठवते? वजन सुमारे ६५० किलो आणि ताकद चाळीसच्या आत-बाहेर हॉर्सपॉवर. आता १९९६ मध्ये विकायला आलेली ब्रिटनची लोटस एलिस बघा. वजन सुमारे ७२५ किलो, ताकद ११८ हॉर्सपॉवर. म्हणजे मारुतीत मागच्या सीटवर एक दणकट पाहुणा बसवला की एलिसचं वजन होतं, पण ताकद तिप्पट. त्यासाठी कुठलं राक्षसी इंजिन नव्हतं, रोव्हर कंपनीचं साधं १.८ लिटरचं होतं.

कमाल होती सांगाड्यात. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या वेल्डिंग न करता खास गोंदानं चिकटवून तो केला होता. वजन अवघं ६८ किलो. चार जण मिळून आरामात उचलतील. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं: आधी सोपं करा, मग हलकेपणा घाला. हलकेपणा ही जणू मिठासारखी 'घालायची' वस्तू आहे. माझ्या मते गाड्यांबद्दल यापेक्षा शहाणं कुणी काही बोललेलं नाही.

जपानी लोकांनी तर हा खेळ आणखी लहान पाटावर खेळला. तिथे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. त्यात इंजिन ६६० सीसीपर्यंतच, आणि कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलेली ताकदीची मर्यादा ६४ हॉर्सपॉवर. एवढ्यात सुझुकीनं १९९१ मध्ये कॅपुचिनो ही दोन माणसांची उघडी गाडी काढली. तिचं सुरुवातीचं तीन सिलिंडरचं टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारं, इंजिन सुझुकीच्या 'एफ' घराण्यातलं, आपल्या मारुती ८०० चं इंजिनही त्याच घराण्यातलं. एकाच आजोबांचे दोन नातू: एक नागपुरात शाळेची पोरं ने-आण करत होता, दुसरा जपानच्या घाटात उनाडक्या करत होता.

एकच सांगाडा, चार खुराक

एलिसच्या त्या सांगाड्यावर आणि त्याच्या भाऊबंदांवर पुढे जे प्रयोग झाले ते बघितले की ताकदीचा स्रोत बदलला की गाडीचं काय होतं ते स्वच्छ कळतं.

पेट्रोल झालंच. मग डिझेल. ओपेल कंपनीची स्पीडस्टर ही गाडी एलिसवरूनच बेतलेली आणि लोटसच्याच कारखान्यात बनायची. तिच्यावरून ओपेलनं २००२ मध्ये इको स्पीडस्टर ही प्रायोगिक गाडी केली. इंजिन फक्त १.३ लिटरचं, डिझेल, ११२ हॉर्सपॉवर. वजन ६६० किलो. वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. हे १.३ लिटरचं डिझेल ओळखीचं वाटलं ना? फियाट आणि जनरल मोटर्सनं मिळून केलेलं तेच इंजिन पुढे आपल्या स्विफ्ट डिझेलमध्ये आलं. अर्धी टूरिस्ट टॅक्सी मंडळी ज्याच्या जिवावर जगली ते हे इंजिन, हलक्या अंगात घातल्यावर अडीचशे गाठतं!

तिसरा खुराक इथेनॉल. नितीन गडकरींच्या भाषणांमुळे हा शब्द नागपुरात पोरासोरांनाही पाठ आहे, आणि २०१४ मध्ये निव्वळ इथेनॉलवरची हिरवी बसही आपल्याच रस्त्यांवर धावली होती. पुढे ती टिकली नाही. इथेनॉल म्हणजे उसापासून किंवा धान्यापासून काढलेलं अल्कोहोल. एका लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. म्हणून वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. एव्हरेज घटल्याची कुरकुर निव्वळ मनाचे खेळ नाहीत.

पण नाण्याची दुसरी बाजू शर्यतवाल्यांना आधीपासून माहीत आहे. इथेनॉल दाबाखाली वेळेआधी भडकत नाही आणि वाफ होताना आतली हवा थंड करतं. माठातलं पाणी झिरपून गार होतं, तसंच. त्यामुळे त्यासाठी बेतलेल्या इंजिनात हवा जास्त दाबून भरता येते. लोटसनं २००६ मध्ये एक्झीज या एलिसच्या बंद टपाच्या बहिणीला ८५ टक्के इथेनॉल पाजलं, तेव्हा ताकद २१८ वरून २६४ हॉर्सपॉवरवर गेली. 'त्यासाठी बेतलेल्या' हे शब्द महत्त्वाचे. तुमच्या दहा वर्षं जुन्या गाडीत इथेनॉल वाढवल्यानं ती एक्झीज होणार नाही.

चौथा खुराक वीज. २००८ मध्ये टेस्लानं आपली पहिली गाडी, रोडस्टर, बाजारात आणली ती एलिसचा सांगाडा बदलून-वाढवून. पाठीमागे इंजिनाच्या जागी लॅपटॉपमध्ये असतात तसे ६,८३१ छोटे सेल भरले. बॅटरीचं वजन सुमारे ४५० किलो. गाडी गेली १,३०० किलोच्या आसपास. एलिसचे दोन मजले झाले म्हणा ना. २०१८ मध्ये यातली एक गाडी रॉकेटवर बसवून अवकाशात सोडली. तिथे वजनाचा प्रश्न कायमचा मिटला असावा.

बॅटरी एवढी जड का?

आपल्या वीजबिलातलं युनिट इथे फार कामाला येतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, आणि ते लिटरभर पेट्रोल पाऊण किलोचंही नसतं. त्या फुटाळ्यावरच्या सायबरस्टरची बॅटरी ७७ युनिटची. म्हणजे तिच्यात साडेआठ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा आहे, दोन ॲक्टिव्हांच्या टाक्यांत मावेल एवढी! आणि एवढ्यासाठी काही शे किलोंची बॅटरी.

मग ती पुढच्याच पेट्रोल पंपापर्यंत जाऊन थांबत का नाही? कारण पेट्रोलचं इंजिन फार उधळं असतं. शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं तर पंचवीस-तीस रुपयांचंच चाकांपर्यंत पोचतं, बाकी उष्णतेत आणि धुरात. मोटर मात्र शंभरातले नव्वदच्या आसपास कामाला लावते. बॅटरीचा पगार कमी, पण ती काटकसरी आहे. तरीही हिशेब पुरता जुळत नाही आणि उरलेली तूट वजनात दिसते. सायबरस्टर जवळपास दोन टनांची आहे. एलिस पावणेतीन वेळा मावेल तिच्यात.

मग वीज घालायचीच कशाला?

टॉर्कसाठी. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, बरणीचं घट्ट झाकण उघडताना मनगटात लागतो तो. पेट्रोलचं इंजिन सुरुवातीला आळशी. त्याला फिरवत, चढवत न्यावं लागतं, मग जोर येतो, म्हणून तर गिअर बदलत बसावं लागतं. मोटरला पूर्ण जोर पहिल्याच क्षणी मिळतो. सिग्नल हिरवा झाला की इलेक्ट्रिक स्कूटरही चटकन पुढे झेपावते ते याच गुणानं. सायबरस्टर दोन मोटरांच्या ५१० हॉर्सपॉवरवर शंभरचा वेग ३.२ सेकंदांत गाठते.

आणि हे काही आजचं नाही. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली गाडी विजेवरचीच होती. २९ एप्रिल १८९९ रोजी कामी जेनात्झी या बेल्जियन माणसानं 'कधीच समाधानी नसलेली' अशा अर्थाच्या फ्रेंच नावाची गाडी १०५.८८ च्या वेगानं पळवली. गाडी तोफगोळ्यासारखी निमुळती, आणि चालक मात्र त्या गोळ्यावर बैलगाडीत बसावं तसा ताठ बसलेला. हवा कापायची सगळी मेहनत त्याच्या छातीवर फुकट.

कणीसवाल्या दादाचं उरलेलं उत्तर

साध्या इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तळाला, सतरंजीसारखी पसरतात. संत्र्याची पेटी पायांशी ठेवल्यासारखं हे छान वाटतं. पण सतरंजी म्हणजे दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीची गादी! माणूस तिच्यावर बसणार, म्हणून सीट वर, मग छप्पर वर. एसयूव्हीत हे खपतं. स्पोर्ट्स कारचा मात्र जीवच जातो.

म्हणून या गाड्या बनवणाऱ्यांसमोर दोनच वाटा असतात. एक, गादी बारीक करायची. सायबरस्टरची बॅटरी सुमारे ११ सेंटिमीटर जाड आहे. दुसरी, गादी गुंडाळून माणसांच्या पाठीमागे उभी करायची, जिथे पूर्वी इंजिन असायचं. लोटसनं एव्हाया या आपल्या महागड्या विजेच्या गाडीत तेच केलं. म्हणजे गाडीतून इंजिन गेलं तरी त्याची खोली रिकामी झाली नाही, नवा भाडेकरू तिथेच राहायला आला. रूप तसंच राहिलं त्यामागे थोडी ही सोय आहे आणि थोडी, स्पष्ट सांगायचं तर, आपली सवय. लांब नाक बघून आपल्याला स्पोर्ट्स कार ओळखू येते, म्हणून कंपन्या ते ठेवतात. सायबरस्टरच्या दरवाज्यांना ३०० एसएलसारखा नाइलाजही नाही. ते फुटाळ्यावर गर्दी जमवायलाच आहेत. चालायचंच.

वर-खाली नाही, गोल-गोल

नेहमीच्या इंजिनात पिस्टन हातपंपासारखा वर-खाली होतो आणि ती हालचाल गोल फिरवायला दांडे लागतात. जर्मनीच्या फेलिक्स वँकेल यांनी पंपच काढून टाकला. शेंगदाण्याच्या टरफलासारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरत राहतो आणि फिरता फिरता हवा ओढणं, दाबणं, जाळणं, बाहेर टाकणं ही चारही कामं त्याच्या वेगवेगळ्या बाजूंना चालू असतात. रहाटाचा एक पोहरा भरतो तेव्हा दुसरा रिकामा होत असतो, तसं.

असं इंजिन छोटं, हलकं आणि विलक्षण गुळगुळीत, म्हणजे छोट्या गाडीला अगदी साजेसं. ते घेऊन बाजारात आलेली पहिली गाडीही छोटी, उघडी, दोन माणसांचीच होती: १९६४ ची एनएसयू स्पायडर, ४९८ सीसी, ५० हॉर्सपॉवर. त्रिकोणाच्या टोकांवरच्या सीलांची झीज आणि इंधनाची भूक हे मात्र या इंजिनाचे जुने रोग.

मर्सिडीजची प्रायोगिक सी-१११ ही माझी यातली सगळ्यात लाडकी, आणि नागपूरकर म्हणून तर पक्षपात आहेच, कारण ती चक्क संत्र्याच्या रंगाची. १९६९ मध्ये ती आली तेव्हा पंखासारखे दरवाजे होते आणि पोटात तीन त्रिकोणांचं वँकेल. मग तेलाचं संकट आलं आणि खादाड वँकेल नकोसं झालं. कंपनीनं तिच्यातच पाच सिलिंडरचं टर्बो डिझेल बसवलं आणि १९७६ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर विक्रम केले, सरासरी वेग ताशी अडीचशेच्या आसपास. डिझेल म्हणजे ट्रकचं इंधन असं समजणाऱ्यांच्या काळात!

माझदा या जपानी कंपनीनं वँकेल सोडलं नाही. २०२३ च्या टोकियोच्या प्रदर्शनात तिनं आयकॉनिक एसपी ही देखणी लहान गाडी मांडली. त्यात दोन त्रिकोणांचं इंजिन चाकं फिरवत नाही. ते वीज बनवतं आणि मोटर गाडी चालवते. लग्नमंडपाबाहेर जनरेटर लावतात, तसं. हे इंजिन हायड्रोजनही जाळू शकतं असं कंपनी सांगते, आणि त्याला कारण आहे. साध्या इंजिनात हवा आत येते त्याच जागी स्फोट होतो, त्यामुळे चटकन पेटणारा हायड्रोजन आत शिरतानाच भडकण्याची भीती असते. वँकेलमध्ये आत येण्याची आणि जळण्याची जागा वेगळी, त्यामुळे ती भीती बरीच कमी.

हायब्रिड आणि हायड्रोजन, थोडक्यात

हायब्रिड म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही. यातली देखणी गाडी म्हणजे बीएमडब्ल्यू आय-८. मागे फक्त १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढच्या चाकांना मोटर, मिळून ३६२ हॉर्सपॉवर. दोन-दोन यंत्रणांचं वजन पेलायला आतली खोली कार्बन फायबरची केली, म्हणून गाडी दीड टनात बसली. २०१५ मध्ये भारतात तिचं अनावरण सचिन तेंडुलकरनं केलं होतं. गाडी अप्रतिम दिसते, पण मला ती थोडी पाहुण्यासारखी वाटते. सगळे गुण आहेत, घरातली होत नाही.

हायड्रोजन इंजिनात जाळता येतो, किंवा फ्युएल सेलमध्ये हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग घडवून त्याची वीज करता येते, मागे फक्त पाणी उरतं. २०२२ मध्ये गडकरी ज्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले ती दुसऱ्या प्रकारची. किलोला ३३ युनिट, म्हणजे पेट्रोलला वजनात लाजवणारं इंधन! अडचण जागेची. सीएनजी बसवलेल्या गाडीची डिकी आठवा, एक सिलिंडर आणि बॅग ठेवायला जागा नाही. सीएनजी साधारण बाहेरच्या हवेच्या २०० पट दाबाखाली भरतात, मिराईत हायड्रोजन ७०० पट दाबाखाली असतो. तरी तीन जाडजूड टाक्यांत मिळून मावतो साडेपाच किलोंच्या आसपास, आणि गाडीचं वजन १,९०० किलोंपर्यंत जातं. चार मीटरच्या गाडीत या टाक्या कुठे ठेवणार? छोट्या स्पोर्ट्स कारसाठी हायड्रोजन मला तरी इतक्यात दिसत नाही.

"आपल्या मे महिन्यात बॅटरीचं भजं होईल"

असं कुणी ना कुणी म्हणतंच, आणि ही काळजी रास्त आहे. लिथियमच्या बॅटरीला माणसाला आवडतं तेच हवामान आवडतं. पंचेचाळीस डिग्रीत ती लवकर म्हातारी होते, आणि गरम असताना फास्ट चार्जिंगला लावली तर गाडीच वेग कमी करते. म्हणून चांगल्या गाड्यांत तिच्याभोवती थंड द्रव फिरवतात. भर दुपारी उन्हात उभी करून लगेच चार्जिंगला लावू नये, हे साधं पथ्य.

पण पेट्रोलवाल्यांनीही हसू नये. तापलेली हवा विरळ असते. पंधरा डिग्रीच्या हवेच्या तुलनेत पंचेचाळीसला ती सुमारे दहा टक्के पातळ होते, आणि साध्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. नागपूरच्या उन्हात दमणारे आपण एकटेच नाही.

"वीज तर कोराडीच्या कोळशाचीच"

हो. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आपल्या अंगणातच आहेत. कोळशातली पस्तीस-चाळीस टक्के ऊर्जा वीज होते, पुढे तारांत आणि चार्जिंगमध्ये थोडी गळते. नुसत्या कोळशाच्या विजेवर गाडी चालवली तर ऊर्जेचा हिशेब पेट्रोलच्या जवळपासच येतो. फायदा होतो तो विजेत सूर्य, वारा आणि पाण्याचा वाटा वाढेल तसा, आणि शहराच्या चौकात धूर नसण्याचा. पण दोन टनांची दोन माणसांची गाडी पर्यावरण वाचवते असं कुणी सांगत असेल तर त्याला संत्र्याची पेटी दाखवावी.

"आपल्याकडे अशी गाडी का बनत नाही?"

बनली होती. गोव्यात सॅन मोटर्सनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन माणसांची फायबरच्या अंगाची गाडी काढली, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. टाटांनी २०१७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात रेसमो दाखवली: ३.८ मीटर लांबी, वर उघडणारे दरवाजे, १.२ लिटरच्या टर्बोतून १९० हॉर्सपॉवर. पुढे तो प्रकल्प गुंडाळला गेला. आजही ती बघून हळहळ वाटते. आपल्याकडे एका गाडीत आई-बाबा, दोन पोरं आणि आजीचं गाठोडं मावावं लागतं, तिथे दोन सीटचा कारखाना चालवायचा कसा?

"आणि स्पीड ब्रेकर?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे हलका उतार. आमच्या घरामागच्या रस्त्यावर मात्र कुणीतरी रातोरात सिमेंटची वरवंट्यासारखी पट्टी ओतली आहे. तिच्यावर माझी साधी हॅचबॅकही पोट घासते.

फुटाळ्यावरची ती लाल गाडी निघाली तेव्हा पुढे असाच एक ब्रेकर होता. मालक थांबला. शेजारी बसलेल्या बाई उतरल्या, पुढे जाऊन वाकून गाडीच्या पोटाखाली बघत हातानं खुणा करू लागल्या. गाडी आधी तिरकी झाली, मग एकेक चाक चढवत, नखभर जागा राखून पलीकडे गेली. आवाज काहीच नाही, फक्त टायरखालचे खडे. कणीसवाल्या दादानं निखाऱ्यावरचं कणीस फिरवलं.

"पाचशे घोडे म्हणता," तो म्हणाला, "अन् वहिनीले खाली उतरून वाट दाखवा लागते."